नऊ नंबरचा डबा

आई,

आज सकाळी फोनने मला विचारलं, हा डबा रिकामा आहे, काढून टाकू का? फोन काही डबा म्हणाला नाही, तो त्याच्या भाषेत फोल्डर म्हणाला. पण तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझ्या तोंडात तुझाच शब्द बसलेला आहे. हल्लीच्या फोनांना साफसफाईची भारी हौस. आपल्याला नको असलेलं काय आणि हवं असलेलं काय हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं म्हणे. मी ‘नको’वर बोट ठेवलं आणि चहा ओतायला उठले. अधूनमधून तो हे विचारत असतो आणि दर वेळी मी नकोच म्हणते. आज मात्र वाटलं, हे प्रकरण एकदा तुला सविस्तर लिहावं. तू असतीस तर म्हणाली असतीस, “त्या फोनाला काय करायचंय आपल्या डब्याचं? गप पड म्हणावं.” मी तसंच म्हटलं त्याला, तुझ्या आवाजात.

परळीला थर्मलच्या, म्हणजे वीज केंद्राच्या, कॉलनीत आपण राहायचो, तिथे दोन गोष्टींची कधी ददात नव्हती, लाईट आणि राख. लाईट अप्पाच तयार करतात असं मला लहानपणी वाटायचं, कारण ते प्लांटवर पाळीला जायचे आणि आपल्या घरातला पंखा कधी थांबायचा नाही. राख मात्र कुणाच्याच हातात नव्हती. ती चिमणीतून वर जायची आणि सावकाश सगळ्यांच्या घरी उतरायची. वाळत घातलेल्या साड्यांवर, खिडकीच्या गजांवर, झाकण सरकलेल्या दुधावर आणि तुझ्या टेपरेकॉर्डरच्या पोटात. एखादी कॅसेट चार दिवस उघडी राहिली की गाणारीचा गळा बसायचा. तू कापसाला स्पिरिट लावून टेपचं हेड पुसायचीस आणि पुसता पुसता प्लांटला, वाऱ्याला आणि अप्पांना एका दमात बोलून घ्यायचीस. शेवटी उपाय तुला स्वयंपाकघरातच सापडला. राख शिरत नाही अशी घरात एकच जागा होती, घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे. तुझ्या लग्नात आलेले, देणाऱ्याचं नाव कोरलेले. त्यांतले चार तू रिकामे केलेस, ज्वारी आणि डाळी पिशव्यांत बांधल्यास आणि डब्यांत कॅसेट भरल्यास. डाळ धुता येते, कॅसेट धुता येत नाही, हे तुझं म्हणणं. पाहुण्या बायका चहाला म्हणून साखरेचा डबा उघडायच्या आणि आत भजनाच्या कॅसेट बघून माझ्याकडे बघायच्या.

ते डबे कसे लावलेले होते हे तुला मी काय सांगायचं, पण लिहून काढायला मला बरं वाटतंय. इतरांच्या घरी कॅसेट सिनेमाप्रमाणे नाहीतर गाणाऱ्याप्रमाणे लावलेल्या असत. तू त्या अप्पांच्या पाळीप्रमाणे लावल्यास. पहिल्या पाळीचा डबा मामाच्या नावाचा. अप्पा भल्या पहाटे गेले की घर तुझं, आधी महादेवाची भजनं आणि मग केर काढता काढता ठेक्याची सिनेमातली गाणी, आवाज मोठा. दुसऱ्या पाळीचा डबा आत्याच्या नावाचा. अप्पा जेवून निघाले की दुपार रिकामी, डाळ निवडायची आणि रडकी गाणी लावायची. “दुपारी रडून घ्यावं बाई, सांजच्याला मोकळं वाटतं,” असं तू म्हणायचीस आणि खरंच डोळ्यांना पदर लावायचीस, कशासाठी ते तुलाही ठाऊक नसायचं. रात्रपाळीचा डबा सगळ्यात अवघड. अप्पा दिवसा झोपणार, म्हणजे ढोलकी वर्ज्य, टाळ वर्ज्य, उंच गळ्याची बाई वर्ज्य. बासरी आणि संथ भावगीतं, तीही इतक्या बारीक आवाजात की ओट्यापाशी उभं राहिलं तरच कळावं. चौथ्या, सुट्टीच्या डब्यात अप्पांच्या लावण्या. त्या तूच लावायचीस आणि लागल्या की तोंड वाकडं करून भाकरी जरा जोरात थापायचीस. आपल्या घरातलं कुणीही झोपेतून उठलं की कानावर पडलेल्या गाण्यावरून अप्पा कुठे आहेत ते सांगू शकायचं.

मग बारावीनंतर मी कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागले आणि अप्पांनी मला लातूरहून कॉम्प्युटर जोडून आणून दिला. आपल्या जिन्यातला तो पहिला. बैठकीच्या टेबलावर तो बसला, तू जुन्या साडीचं त्याला झबलं शिवलंस, राख बसू नये म्हणून, आणि काही दिवस त्याच्याकडे नव्या जावयाकडे बघावं तसं लांबून बघत राहिलीस. एक दिवस माझ्यामागे येऊन उभी राहिलीस. “ह्याच्यात माजी गाणी मावतील का गं?” मी म्हटलं, सगळी मावतील. “समदी म्हंजी?” मी म्हटलं, चारही डबे, आणि असे आणखी कितीतरी. तू त्या खोक्याकडे बघितलंस, मग स्वयंपाकघरातल्या फळीकडे बघितलंस, आणि म्हणालीस, “बोलायला काय जातंय.” पण दुसऱ्या दिवशी माझ्या आधी तूच खुर्ची ओढून बसली होतीस, मांडीवर मामाचा डबा घेऊन.

टेपरेकॉर्डरपासून कॉम्प्युटरपर्यंत मी एक वायर ओढली. तुला नीट समजावून सांगितलं, गाणं या वायरीतून जातं, बाहेरचा आवाज आत जातच नाही. तू मान डोलावलीस आणि तरीही रेकॉर्डिंग चालू असेपर्यंत कुकर लावला नाहीस. मिक्सर फडक्यात बांधून ठेवलास. कुणी कडी वाजवली की तोंडावर बोट ठेवून दार उघडायचीस, मग समोरच्या वहिनी कुजबुजत विरजण मागायच्या आणि चपला हातात घेऊन परत जायच्या. अप्पांना खोकला आला तर त्यांची रवानगी जिन्यात. “तिच्या गाण्यात ह्यांचा खोकला कावून?” मी वायर दाखवून दाखवून थकले आणि मग सोडून दिलं. खरं म्हणजे मला ती शांतता आवडायला लागली होती. कॅसेटची एक बाजू वाजायला जेवढा वेळ लागतो तेवढाच ती आत जायला लागतो, त्यात घाई चालत नाही. तेवढा वेळ तू माझ्याशेजारी बसून असायचीस, काहीही न निवडता, न चिरता, न शिवता. इतकी तू माझ्याजवळ त्याआधी कधी बसली नव्हतीस आणि मी आतून फार खूश होते.

पडद्यावर फोल्डरची पिवळी चित्रं दिसली तेव्हा तू टाळी वाजवलीस. “अगं माय, हे तर डबेच हायेत की!” तिथून ते पिवळे डबे झाले. पण ते मी माझ्या पद्धतीने लावले होते, गाणाऱ्याच्या नावाने, इंग्रजीत, एबीसीडीप्रमाणे. क्लासमध्ये तसंच शिकवलं होतं आणि मला ते फार बरोबर वाटायचं. इंग्रजी अक्षर तुला येत नव्हतं, पण जागा लक्षात ठेवण्यात तुझा हात धरणारं कुणी नव्हतं. वरून तिसरा, खालून दुसरा, असं तू बिनचूक चालवत होतीस. मग एके दिवशी मी आरत्यांचा एक नवा डबा केला, तो आपल्या अक्षराच्या मानाने सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसला आणि बाकीचे एकेक पायरी खाली सरकले. अप्पा रात्रपाळी करून नुकते आडवे झाले होते. तू विश्वासाने वरून तिसरा उघडलास, बासरीच्या अपेक्षेने, आणि सुट्टीच्या डब्यातली ढोलकी कडाडली. अप्पा लुंगी सावरत बाहेर आले. “वरात आली काय घरात?”

त्यावर तू आणि मी दिवसभर भांडलो. “तू डबे कावून हलवलेस?” मी म्हटलं, मी हलवले नाहीत, ते एबीसीडीप्रमाणे आपोआप लागतात. “आमच्या नांदूरघाटच्या दुकानात मीठ-मिरची एबीसीडीनं ठिवली असती तर गिऱ्हाईक दारातच म्हातारं झालं असतं. जे जवा लागतं ते तवा हाताखाली पायजे.” मी म्हटलं, हा कॉम्प्युटर आहे, आजोबांचं किराणा दुकान नाही. तू म्हणालीस, “मंग काय हाय?” तरी मी हटले नाही, तुझीच मुलगी ना. शेवटी तह झाला. आकडे तुला येत होते, म्हणून बाहेरच्या डब्यांना मी नुसते नंबर दिले, एक ते चार, पाळीप्रमाणे. आत मात्र गाणाऱ्याप्रमाणेच लावणार, तिथे तू बोलायचं नाही. बाहेर तुझं राज्य, आत माझं. पुढे तुला हवं ते गाणं चटकन सापडायला लागलं तेव्हा तू माझं कौतुक केलं नाहीस, फक्त भांडायची थांबलीस, आणि तुझ्याकडून तेवढं मिळणं म्हणजे शालजोडी मिळाल्यासारखंच होतं.

दिवाळी तोंडावर आली आणि तुला स्टीलच्या डब्यांची आठवण झाली. चिवडा कशात भरायचा? गाणी आता पिवळ्या डब्यांत पोचली होती, मग कॅसेटना चांगले डबे अडवू कशाला द्यायचे? तू एका दिवसात सगळ्या वाटून टाकल्यास. खालच्या मजल्यावरच्या आपांना काही, समोरच्या तेलुगू वहिनींना काही, आणि ज्या उरल्या त्या भजनी मंडळातल्या दोन काकूंना. मी म्हटलं, आधी गाण्यांच्या सीड्या करून ठेवू, क्लासच्या सरांकडे ती सोय आहे. तू म्हणालीस, “दिवाळी हू दे, मंग बघू.” डबे घासून लखलखीत केलेस, फराळाचे भरून त्याच शेजारणींकडे पाठवलेस, आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे ते काहीतरी घालूनच परत आले. कुणी करंज्या घातल्या, कुणी घरात काही नव्हतं तर मूठभर साखर. दिलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्या जिन्यात आपांपासून तेलुगू वहिनींपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

तुळशीचं लग्न झालं आणि नांदूरघाटहून मामाचा निरोप आला, त्याच्या मुलीची हळद आणि लग्न. तू लगेच सांगून टाकलंस, हळदीला बाहेरचा टेपवाला आणायचा नाही, गाणी माझ्या घरची. यात तुझं काय अडकलं होतं ते मला ठाऊक होतं. आजोबांच्या दुकानातला सेलवरचा रेडिओ गिऱ्हाइकांसाठी होता, घरातल्या पोरींनी त्याला हात लावायचा नव्हता. तू सामान ठेवायच्या खोलीत गुळाच्या ढेपांशेजारी बसून भिंतीआडून गाणी ऐकलीस, लग्न होईपर्यंत. आता तुला त्याच दारात कॉम्प्युटर मांडून दाखवायचं होतं, की बघा, आता सगळा रेडिओ माझा आहे. मामाची जीप आली. आपण कॉम्प्युटर वाकळीत गुंडाळला, पडदा मी मांडीवर घेतला, आणि अंबाजोगाई, केज करत मिरवत गेलो. अप्पांना रजा मिळाली नव्हती, ते घरीच राहणार होते. आपल्या दोघींच्याही डोक्यात एक गोष्ट आली नाही, आणि ती न येणं फक्त थर्मलच्या कॉलनीतल्या माणसांनाच जमलं असतं.

मांडवात तू लुगड्याचा पदर खोचून उभी होतीस आणि मी खुर्चीत. पहिलं गाणं लागलं, भोंग्यातून असं घुमलं की दुकानातली गिऱ्हाइकं तराजू सोडून बाहेर आली. बायका हातात हात घालून फेर धरायला लागल्या. मामी तुला म्हणाली, “अक्का, लई भारी काम केलंत.” तुझा चेहरा तेव्हा कसा होता ते मी कधी विसरणार नाही, दिवाळीतल्या डब्यासारखा लखलखीत. आणि मग सगळं थांबलं. गाणं, पंखा, पडदा. तू माझ्याकडे बघितलंस. “काय केलंस?” मामा म्हणाला, “तिनं काय न्हाई केलं अक्का, लाईट गेली.”

“गेली म्हंजी? कुठं गेली?”

“लाईट हाय ती, जाती की. रोजच जाती.”

कोपऱ्यातून एक म्हातारा म्हणाला, “तुमच्याकडूनच येती न्हवं, अक्का? मंग तुमालाच ठाव असंल कवा येती ते.” सगळा मांडव हसला. तूही हसलीस, पण मला दिसलं की ते तुला लागलं. थोड्या वेळाने लाईट आली, मी पुन्हा सुरू केलं, दोन गाणी झाली आणि पुन्हा गेली. मी म्हटलं, राहू दे आता. तू म्हणालीस, “अर्ध्यात सोडायचं न्हाई, लाव.” पुन्हा आली, पुन्हा लावलं, पुन्हा गेली. त्यानंतर लाईट आली तेव्हा पडदा काळाच राहिला आणि आतून टक टक, टक टक असा आवाज यायला लागला, कुणी आतून टिचक्या मारत असल्यासारखा. बायकांचं काही अडलं नाही. त्यांनी स्वतःच हळदीची गाणी धरली, एकीने सोडलं की दुसरीने उचललं. तू मात्र टेबलाशीच उभी होतीस. इतकी गाणी जमवणाऱ्या तुला हळदीचं एकही गाणं पाठ नव्हतं.

परतीच्या वाटेवर केज येईपर्यंत तू वाकळीतलं धूड मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होतीस. मग म्हणालीस, “जन्म लाईटीत गेला माय आपला. ती जाती म्हून कुणी सांगितलंच न्हाई.” घरी आल्यावर याचा हिशेब अप्पांना द्यावा लागला. “तुमी लाईट करता अन् ती लोकांच्या घरी जाती हे घरात सांगू नये का?” अप्पा जेवता जेवता थांबले. “आमी करतो अन् तारंवर सोडतो. कुणाला कवा द्यायची ते वरचे ठरवतेत. अन् तू कॉम्प्युटर वराडात नेशील हे मला काय म्हाईत?” क्लासच्या सरांनी तो उघडला, गाणी साठवणारी डिस्क बघितली आणि मान हलवली. तू विचारलंस, “पिवळे डबे?” ते म्हणाले, “काहीच राहिलं नाही काकू.” तू सरांना चहा दिलास, ते जाईपर्यंत सगळं रीतसर केलंस, आणि मग ओट्याकडे तोंड करून उभी राहिलीस. मी जवळ आले तर म्हणालीस, “मला आत्ता हात लावू नकोस.”

त्यानंतरचे दिवस मला नकोसे आठवतात. घरात एकही गाणं नव्हतं. अप्पा उठून गोंधळायचे, आज कोणती पाळी आहे माझी, असं विचारायचे आणि मग कॅलेंडर बघायचे. कॅसेट तर चार घरांत सुखरूप होत्या, जिना उतरलं की हाताशी. मी म्हटलं, जाऊन मागू का? तू असं बघितलंस की मी पायात घातलेली चप्पल काढून ठेवली. “दिलेलं मागायचं न्हाई. हात पुढं करून दिलंय ते.” हा तुझा कायदा होता आणि तू तो स्वतःसाठीही मोडणार नव्हतीस. मला तुझा रागही आला. आपली इतक्या वर्षांची गाणी शेजाऱ्यांच्या कपाटांत पडलेली आणि ही बाई मानापायी मुकी बसणार! पण मी तुला पुरती ओळखत नव्हते.

संक्रांत आली. तू तिळाचे लाडू वळलेस, तेच चार डबे काढलेस, काठोकाठ भरलेस आणि माझ्या हातात दिलेस. “डबा द्यायचा अन् एवढंच सांगायचं, आईचा कॉम्प्युटर नांदूरघाटला गेला. फुडं काय बोलू नकोस.” मी चार दारांत तेवढंच बोलले. संध्याकाळी समोरच्या वहिनींचा डबा आला, झाकण बसत नव्हतं इतक्या कॅसेट भरून. खालच्या आपा स्वतः जिना चढून आल्या, डबा तुझ्या हातात देऊन म्हणाल्या, “भाभी, खाली डब्बा कैसे भेजूँ? तुम्हारे सब हैं, और मेरे भी चार डाली हूँ. सुन के देखो.” भजनातल्या एका काकूंनी डबा तसाच भरून पाठवला, तर दुसऱ्यांनी मात्र साखर घातली, गच्च भरून. त्यांना कळलं नाही की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे. तू त्या साखरेचा शिरा केलास आणि त्याच डब्यातून त्यांच्याच घरी पाठवलास. दुसऱ्या दिवशी तो कॅसेट घेऊन आला. तू झाकण उघडून बघितलंस आणि अशी खदखदून हसलीस की अप्पा रात्रपाळीच्या झोपेतून उठले आणि पहिल्यांदाच चिडले नाहीत.

नवी डिस्क बसली, पुन्हा वायर, पुन्हा कुकरला बंदी. आता कामाला मजा आली, कारण कॅसेट गेल्या होत्या तशा परतल्या नव्हत्या. वहिनींच्या मुलीने एका कॅसेटच्या मध्यावर शाळेची तेलुगू कविता म्हणून ठेवली होती, गाणं चालू असताना एकदम तिचा चिरका आवाज. मी ती कापणार होते. तू म्हणालीस, “राहू दे. त्यांच्या घरी ऱ्हाऊन आली, तिथलं काय तरी लागणारच.” आपांच्या कव्वाल्या, वहिनींची देवाची गाणी, काकूंची गवळण, प्रत्येक घरासाठी तू नवा डबा करायला लावलास, पाच ते आठ. एकच गाणं दोन डब्यांत आलं म्हणून मी एक पुसायला निघाले तर माझा हात धरलास. “दोन घरून सारख्या वाट्या आल्या तर एक फेकून देतीस का?” यावेळी सीड्याही केल्या, तुझ्या देखरेखीखाली, आणि एकेक प्रत चारही घरी गेली. लाडवांच्या डब्यातून.

मी शिकवायला म्हणून बीडला गेले, एका क्लासमध्ये गणिताची बाई झाले, आणि एका रविवारी तुझा फोन आला. आवाजात नवी साडी नेसल्यासारखी ऐट. “मी एकटीनं डबा केलाय. नऊ नंबर. तुजा हाय. रिकामाच ठिवलाय, सरांकडून बाकीच्या डब्यांसंगं सीडीवर घालून धाडते. तुजी गाणी घाल अन् मंग माज्याकडं पाठव, मला ऐकायचेत.” मी म्हटलं, भरते. मला वाटलं वेळ आहे. पुढच्या हिवाळ्यात तुझी छाती भरली, ती रिकामी झालीच नाही, आणि तू गेलीस. त्याचं मला अजूनही वाईट वाटतं, साधं, सरळ, तू नाहीस याचं. तुझी आठवण आली की मी रडते, दुपारीच, तुझ्या सांगण्याप्रमाणे.

पण काळजी करू नकोस, तुझी गाणी मी राखली आहेत. बीडला घर केलं तेव्हा फ्रिजच्या आधी इन्व्हर्टर घेतला. कॉम्प्युटर किती बदलले, सीड्या गेल्या, पेनड्राइव्ह आले, मग फोन आला, पण एक ते नऊ डबे तसेच एका यंत्रातून दुसऱ्यात नेत आले. अप्पा माझ्याकडेच असतात. त्यांच्या पाळ्या कधीच संपल्या, तरी चार नंबर लावला की चष्मा काढून ठेवतात आणि मग स्वयंपाकघराकडे बघतात, भाकरी जोरात थापल्याचा आवाज येतो का म्हणून. हल्ली गाणी हवेतून मिळतात, म्हणशील ते. आणि गंमत सांगू का, मोठमोठ्या कंपन्या सकाळची गाणी, कामाची गाणी, झोपेची गाणी असे डबे लावून देतात आणि काहीतरी नवीन शोधून काढल्यासारखं सांगतात. मी हसते आणि क्लासमधल्या पोरांना म्हणते, माझ्या आईने हे ज्वारीच्या डब्यात केलं होतं.

राहिला नऊ नंबर. माझ्याकडे गाणी नाहीत असं समजू नकोस. माझी अशी, मी निवडलेली, तुला आवडली असती आणि तू तोंड वाकडं केलं असतंस अशीही, पुष्कळ आहेत. नऊ नंबर उतू जाईल इतकी. सगळी बाहेर पडली आहेत, इकडेतिकडे, एबीसीडीप्रमाणे. त्यांतलं एकही मी आत घातलेलं नाही, आणि आळस हे त्याचं कारण नाही. रिकामा डबा परत करायचा नसतो हे तूच शिकवलंस. भरला की मात्र ज्याचा त्याच्या घरी पोचता करावाच लागतो. मला तो परत करायचा नाही गं. म्हणून हे पत्र लिहून झालं तरी त्यात ठेवत नाही.